वजा पंचवीस

नाही नाही, दुरुस्ती नकोच मला — तो स्क्रूड्रायव्हर खाली ठेवा आधी, नरसिंगराव. मशीन मेलंय हे मला माहितीय, महिना झाला. ते उठवायला मी वसमतहून हिंगोलीपर्यंत एसटीत कॉम्प्युटरचं हे कॅबिनेट मांडीवर घेऊन बसलो नाही. मला कागद पाहिजे. तुमच्या दुकानाच्या लेटरहेडवर चार ओळी — हे यंत्र आम्ही उघडून पाहिलं, तापमान दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये फेरफार केलेला सापडला, त्यामुळं ते जळालं, आणि ज्यानं जोडून दिलं त्याची ही जबाबदारी. खाली सही, शिक्का. उद्या अकराला ग्राहक आयोगात तारीख आहे माझी. तक्रारदार मी, समोर मुजाहिद. तज्ज्ञाचा कागद नसला तर तिथं नुसत्या तोंडाला कोण विचारतंय? — कोणी नाही. बराबर ना?

वसमतमध्ये कोणी लिहून दिलं नाही. तीन दुकानं फिरलो. एक म्हणतो लग्नाला चाललोय, दुसरा म्हणतो शिक्का सापडत नाही — सगळे एकमेकांना धरून आहेत. पण मीबी भागवत आहे, एकतीस वर्षं पेपरला बातम्या देऊन राहिलो. ठेकेदार घरावर आले, पुढारी आले, एकानं दोन दिवस दारात ट्रॅक्टर आडवा लावून ठेवला होता — पण एकाही बातमीचा खुलासा छापायची पाळी आली नाही माझ्यावर. ती 'अनवधानाने छापले गेले, दिलगीर आहोत' वाली बारकी चौकट असते ना, ती माझ्या नावावर एक दाखवा, मी मिशी काढतो. काहून? कारण कागदाशिवाय मी लिहीत नाही.

कोण मुजाहिद? — खाजा मियाचा पोरगा. कुरुंद्याचे खाजा मिया, विहिरीच्या मोटारी भरायचे, तांब्याची तार गुंडाळायचे, अख्ख्या शिवारात त्यांच्या हाताची मोटार जळाली नाही असं लोक म्हणायचे. मी पहिली बातमी आणायला गेलो तेव्हा सायकल त्यांची होती. दिवाळीला ते आमच्याकडं, ईदला आम्ही त्यांच्याकडं — आता हे सगळे सांगतात, पण आमच्यात खरंच होतं. मुजाहिद माझ्यासमोर मोठा झाला. वसमतला बसस्टँडमागं कॉम्प्युटरचं दुकान टाकलं तर फीत मी कापली, बातमी मी लावली, फोटोसकट. आणि त्या माणसानं — त्यानं मला फसवलं, नरसिंगराव. दुसऱ्या कोणी केलं असतं तर मी हसलो असतो.

सांगतो, पहिल्यापासून सांगतो. आमची पोरगी प्रतिक्षा पुण्याच्या लोकांसाठी घरबसल्या काम करते — आर्किटेक्ट लोक नुसता नकाशा पाठवतात, ही त्याचं घर उभं करून दाखवते, भिंती, फरशा, खिडकीतून येणारं ऊनसुद्धा, फोटोच वाटतो. त्याला मशीन तगडं लागतं. एकेक चित्र तयार व्हायला पाच-पाच तास, आणि तेवढा वेळ प्रोसेसर बैलासारखा जुंपलेला. ती मुजाहिदला म्हणाली, दादा, अजून पळालं पाहिजे. त्यानं वेग वाढवून दिला — ओव्हरक्लॉक म्हणता ना तुमच्यात, कंपनीनं ठरवलेल्याच्या वर. मला समोर बसवून त्यानं सांगितलं, हे मी मान्य करतो, सांगितलं त्यानं. म्हणाला, काका, वेग वाढवला की गर्मी वाढणार. रिकामं असताना चाळीस-पन्नास राहील. काम चालू असताना ऐंशीपर्यंत बिनघोर राहा. पंच्याऐंशीच्या वर जाऊन राहिलं की काम थांबवा, आपल्या उन्हाळ्यात पुण्यासारखं चालत नाही. नव्वदच्या वर रोज रोज न्यायचं नाही. शंभरला ते आपणच बंद पडतं, पण तिथवर कशाला न्यायचं — ताप एकशे चारवर जाईपर्यंत कोणी डॉक्टरकडं जायचं थांबतो का? आणि पडद्याच्या कोपऱ्यात तो आकडा लावून दिला, सारखा दिसणारा. मी म्हणलं, नुसता दिसून काय उपयोग, नोंद राहिली पाहिजे. तर त्यानं तेही करून दिलं, मिनिटामिनिटाची नोंद आपोआप फाइलमध्ये. माझ्या सांगण्यावरून.

आणि माझी वही वेगळी. ही बघा. सकाळी सहा, दुपारी एक, संध्याकाळी सात — तारीख, घरातलं तापमान, आतलं तापमान. तहसीलला पावसाची नोंद ठेवतात तशी. त्यांच्यात खाडे असतात, माझ्यात नाहीत. — म्हणजे एखादा असेल. आणि हद्द मी सत्तर धरली. मुजाहिद म्हणाला पंच्याऐंशी, मी म्हणलं विकणारा पंच्याऐंशी म्हणतो तेव्हा आपण सत्तर धरावं, हा माझा अनुभव आहे, सिमेंट असो की पूल असो. सत्तर झाले की मी बटन बंद करायचो. कुठलं म्हणजे? — भिंतीवरचं. सरळ. अहो, असं हसू नका. तिला हाक मारायचो मी आधी. एक हाक, दोन हाका, ती कानात ते घालून बसलेली, आकडा बहात्तर, त्र्याहत्तर — मग काय, बघत बसू? तिचं काम जायचं, हो, जायचं. चार तासांचं काम एका टिचकीत गेलं एकदा. एकदा नाही, दोनदा. तीनदा असेल. एक पुण्याचा माणूस तुटला त्यात, तो म्हणाला वेळेवर देत नाही. ती दोन दिवस जेवली नाही. पण मी म्हणलं, बाळा, काम दुसरं मिळेल, मशीन जळालं तर? बापाचं चुकलं का यात? तुम्हीच सांगा. — सांगा म्हणलं तर तुम्ही वहीतच बघून राहिलात.

तर फेब्रुवारीपासून आकडा उतरला. वही बघा ना, लिहिलंय. अठ्ठावन्न, साठ, पासष्ट. उन्हाळा चढतोय आणि हा सत्तरच्या खालीच. एप्रिलमध्ये घरात बेचाळीस, पत्रे वरून तापलेले, आणि आत? एकोणसत्तर. सत्तरला एकदाही शिवला नाही. मी म्हणलं, ही माझी करामत. कारण मी कुलर लावला होता. कॅबिनेटची एक बाजू काढून टाकली आणि घरातला मोठा कुलर सरळ त्याच्या तोंडावर. वाळ्याचे पडदे नवे, पाणी दोनदा. आम्ही घामात आणि मशीन गारव्यात. प्रतिक्षा तर म्हणाली, बाबा, आता कसं बराबर चाललंय बघा, आता बटन बंद करू नका. मुजाहिदला फोनवर सांगितलं तर तो म्हणतो, काका, कुलर काढा, ओल जाते आत. मी म्हणलं, ओलीनं मशीन खराब झाल्याचं तुझ्याकडं लिहून आहे का काही? कुलर तिथंच राहिला.

आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात भरदुपारी वास आला. मोटार जळाल्यावर येतो तसा. संपलं.

मुजाहिद धावत आला, हे खरं. डिस्क काढून त्याच्या मशीनला लावली, अर्धा तास बघत बसला, मग मला म्हणाला, काका, त्या प्रोग्राममध्ये पंचवीस वजा केलेले आहेत. म्हणजे खरे नव्वद असले की तुम्हाला पासष्ट दिसणार. मी म्हणलं, कोणी केलं? तो म्हणाला, मी न्हाई केलं, काका, अब्बांची कसम. मी म्हणलं, मग कोणी? तर मान खाली घालून म्हणतो — ते मला विचारू नका.

विचारू नका. नरसिंगराव, एकतीस वर्षं मी लोकांना प्रश्न विचारून राहिलो. 'मला विचारू नका' म्हणजे काय ते मला कोणी शिकवायचं का? ज्यानं केलं तोच असं म्हणतो. वेग वाढवून दिला, थंड करायची व्यवस्था हलकी दिली, आणि बोंब होऊ नये म्हणून आकडाच पाडून ठेवला — सरळ आहे. धरणाची पातळी कमी दाखवणारे बघितलेत मी. चार कॉलम बातमी लावली तिसऱ्या दिवशी. नावानिशी. दुकानाच्या फोटोसकट. लिहून कोणी दिली म्हणता? मशीन जळालेलं, मोबाइलवरचं बारीक अक्षर मला दिसत नाही — प्रतिक्षानंच टाइप केली मोबाइलवर. मी बोलत गेलो, ती करत गेली. एकदाच थांबली. म्हणाली, बाबा, नाव घालायचंच का? मी म्हणलं, घालायचं, आपण कोणाला भीत नाही. घातलं तिनं. पोरगी माझी आहे ती.

आता त्याचं शटर अर्धं असतं. शाळेचं काम होतं त्याच्याकडं, ते गेलं. लोक विचारतात, भागवतराव, खाजा मियाच्या पोराला असं? मी म्हणतो, खाजा मियाचा पोरगा म्हणूनच. दुखतं म्हणूनच. — मला काय आनंद होऊन राहिलाय का?

काय? उघडलं तुम्ही? मी बोलत होतो आणि तुम्ही — बरं, उघडा. बघा. कागदावर 'उघडून पाहिलं' लिहायचंय म्हणल्यावर उघडायला पाहिजे, बराबर आहे. हे काय पिवळं? — हां, ती हळद. आमच्या मागं पॉलिशचे ड्रम आहेत ना हळदीचे, सीझनला दिवसभर धुरळा उडतो, कपडे वाळत घातले तरी पिवळे. आत गेली असेल थोडी. थोडी नाही — हो, दिसतंय मला. लेप बसलाय. नवरीला लावतात तसा. त्या बारीक पात्यांच्या मधे हवा जायला फटच नाही. कोरडी असती तर ब्रशनं निघाली असती म्हणता. ओल लागून थापली गेली. ओल कुठून येणार — तुम्ही माझ्याकडं असं बघू नका. कुलरनं बसली असेल, मान्य, तेवढं मान्य. पण आकडा बराबर दिसला असता तर मी थांबवलं नसतं का? थांबवलंच असतं. मुद्दा तो आहे. फेरफार कोणी केला हा मुद्दा आहे, हळदीचं तुम्ही लिहू नका.

वहीत काय? — एकोणीस फेब्रुवारी, सकाळी सहा. घरात एकवीस, आत सोळा. मग? — म्हणजे काय, शक्य नाही? कुलर तर मी मार्चमध्ये — हां. तेव्हा कुलर नव्हता. नुसत्या आतल्या पंख्यावर चालणारं मशीन खोलीपेक्षा गार कसं राहील, असं म्हणता. चुलीवरचा तवा घरापेक्षा थंड राहत नाही. … मी लिहिलंय ते. माझंच अक्षर आहे. वीस तारखेलाही. रोज लिहिलंय. बाजूबाजूच्या रकान्यात, एकवीस आणि सोळा, आणि मला — ते राहू द्या. माणूस आकडा वाचतो, त्याच्याकडं बघत नाही. होतं असं. त्यानं काही बदलत नाही, उलट माझंच खरं ठरतं, फेरफार फेब्रुवारीत झाला.

अठराला दुपारी मुजाहिद आला असेल घरी, मी नसताना — अठराची वही बघा ना, दुपारचा रकाना मोकळाच आहे. म्हणजे मी बाहेर होतो. आला, केलं, गेला. ती नोंदीची फाइल असेल त्या डिस्कमध्ये, मिनिटामिनिटाची, लावा तुमच्या मशीनला, तारीखवार सापडेल. मी सांगतो ना, लावा. ती फाइल मीच ठेवायला लावली होती, आज तीच माझ्या कामाला येणार. … हे अठरा. खाली घ्या. अजून खाली. बारा चाळीस, त्र्याऐंशी. बारा एक्केचाळीस, अठ्ठावन्न. थांबा. तिथंच थांबा.

एका मिनिटात पंचवीस उतरले. बराबर. पंचवीस. आणि त्र्याऐंशी म्हणजे काम चालू होतं तेव्हा. कोणीतरी बसलेलं होतं.

अठरा फेब्रुवारी.

खाजा मिया सतराच्या रात्री गेले. अठराला जोहरच्या, म्हणजे दुपारच्या नमाजनंतर माती. मी सकाळीच कुरुंद्याला गेलो होतो, पेपरला त्यांची बातमी मीच दिली, तारीख कशी चुकेल माझी. बारा चाळीसला — मुजाहिद मय्यतीजवळ होता. मी त्याच्या शेजारी उभा होतो. त्याचा खांदा धरून. त्यानं फोनसुद्धा माझ्याकडं देऊन ठेवला होता, सारखा वाजत होता म्हणून, माझ्या खिशात होता त्याचा फोन. दुपारभर.

आमची मंडळी शेजारी गेली होती, हळद निवडायला. घरी फक्त —

ते बोलू नका. मला समजतं. मला सगळ्यात आधी समजतं, धंदाच आहे माझा.

ती रोज माझ्यासमोर बसायची ना संध्याकाळी. मी वहीत एकोणसत्तर लिहायचो आणि ती म्हणायची, छान आहे ना बाबा. तिला माहीत होतं ते चौऱ्याण्णव आहेत. मधेच मशीन बंद पडायचं एप्रिलमध्ये, ती म्हणायची लाइट गेली असेल, आणि पंखा चालू असायचा वर. पंखा चालू असायचा, नरसिंगराव. आणि मी मुजाहिदचं नाव सांगितलं, ती नाव टाइप करत गेली. खाजा मियाच्या पोराचं नाव. त्यानं ओळखलं होतं त्याच दिवशी. म्हणून म्हणाला, मला विचारू नका. काका म्हणतो मला तो.

बरं, ऐका. तुम्ही कागद लिहा, पण तारीख नको. तारखेची गरजच काय? 'फेरफार आढळला' एवढंच. खोटं आहे का ते? नाही. आढळलाच आहे. आणि केव्हा ते आयोगानं विचारलं तर विचारू दे, विचारणार नाहीत, त्यांच्याकडं दिवसाला पन्नास तारखा असतात. तुम्ही खोटं काहीच लिहिणार नाही, एक गोष्ट नुसती लिहिणार नाही. दोन्हीत फरक आहे. मोठा फरक आहे. मी — मी आयुष्यभर लोकांना हेच विचारत आलो की हे सोडलं काहून, ते लपवलं काहून, हे माहितीय मला, तुम्ही सांगायची गरज नाही. पण लेकरू आहे हो. उद्या तिचं नाव त्या कागदात आलं तर वसमतमध्ये — आणि चूक माझी नाही का? बटन मी बंद करायचो. तिचा पुण्याचा माणूस मी तोडला. ती सांगायची, बाबा, त्र्याऐंशी चालतात, दादा म्हणालाय चालतात. मी ऐकलं का? तर तारीख सोडा. मुजाहिदकडं मी जाईन मागनं, समजावीन त्याला, तो समजून घेईल, तो तसा आहे. सोडा तारीख. … हात काहून थांबवला? लिहा ना.

थांबा. तिचाच आहे फोन.

हां, बोल बाळा. … पोचलो कधीच. … हो, उघडलं त्यांनी. … सापडलं ना. ते म्हणतात पक्कं मुजाहिदचंच काम आहे. … हां, लिहून देऊन राहिलेत तसं. … काय म्हणलीस? … नाही, नीट ऐकू येत नाही, परत सांग. … हां. … हां. उद्या अकराला. … नाही, तू नको येऊ. … ठेवतो.

आमच्या पेपरवाल्यांत एक पद्धत असते, नरसिंगराव. एखादा माणूस तोंड उघडत नसला की त्याच्यासमोर मुद्दाम चुकीचं बोलायचं. पूल तुम्हीच बांधला म्हणे, साहेब, असं. ज्याला खरं माहीत असतं त्याला राहवत नाही, तो दुरुस्त करतो. वाईटात वाईट माणूसही करतो. मी एकेका ठेकेदाराकडून असं काढलंय. कोणी ना कोणी एक शब्द तरी बोलतं — नाही हो, तसं नाही. मी थांबलो होतो त्या शब्दासाठी. परतसुद्धा सांगायला लावलं, संधी दिली.

ती म्हणाली, बरं झालं बाबा, सुटलं एकदाचं.

लिहा. तारीख लिहा, वेळ लिहा, बारा एक्केचाळीस. पंचवीस अंश आकड्यात आणि अक्षरात. हळद लिहा, कुलर लिहा, ज्यानं लावला तो तक्रारदार असंही लिहा. वहीतल्या सोळा अंशाची नोंद लिहा. मुजाहिद त्या वेळी कुठं होता ते तुम्ही लिहू नका, तुम्हाला माहीत नाही ते. ते मी सांगेन उद्या, साक्षीदार म्हणून, मी होतो तिथं. आणि कोणी केलं, ते मोकळं सोडा. आयोगानं विचारलं तर तेही मलाच विचारतील. विचारू द्या.

नाही, चहा सांगू नका. पाणी पण नको. सही करा आणि द्या इकडं. दुसरं काही बोलायचं असलं तर ते तुमच्याजवळच ठेवा.